झुकण्याचा इतिहास : फटफटी, बालाघाट आणि रस्त्याला घासणारा स्टँड

१/ जगातील पहिल्या मोटारसायकलीला वळणावर झुकताच येत नव्हते. १८८५ मध्ये जर्मनीतील कानस्टाट येथे गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी चौकटीत पेट्रोलचे इंजिन बसवले. पण गाडी पडेल या भीतीने दोन मुख्य चाकांच्या बाजूंना दोन लहान आधारचाकेही लावली. लहान मुलांच्या सायकलीला असतात, तशीच. गाडी उभी राही, आणि वळणावरही उभीच राही.

२/ त्यानंतरच्या १४० वर्षांत माणूस दुचाकी झुकवायला कसा शिकला, याची ही कथा आहे. ती ग्लासगो, मॅन बेट, मोन्झा असा प्रवास करत बीड जिल्ह्यातील मांजरसुंब्याच्या घाटात येऊन पोहोचते. प्रश्न दोनच आहेत. वळणावर गाडी किती झुकते? आणि झुकताना तिचा कोणता भाग रस्त्याला आधी लागतो? या प्रश्नांशी असंख्य घरांचे सुखदुःख जोडलेले आहे.

३/ आधी थोडे पदार्थविज्ञान. वळताना वाहनाला आत खेचणारे अभिकेंद्री बल टायर आणि रस्ता यांच्या घर्षणातून, म्हणजे अगदी तळाशी मिळते. गाडी आणि स्वार यांचा गुरुत्वमध्य मात्र वर असतो. त्यामुळे सरळ उभी दुचाकी वळू लागताच बाहेरच्या बाजूस कलंडू पाहते. बैलगाडीला किंवा मोटारीला दोन बाजूंच्या चाकांचा आधार असतो. दुचाकीला तो नाही. म्हणून तिला आत झुकून स्वतःचा तोल स्वतःच साधावा लागतो.

४/ किती झुकायचे, हे दोन गोष्टी ठरवतात: वेग आणि वळणाची त्रिज्या. झुकावाच्या कोनाचा टॅन म्हणजे वेगाचा वर्ग, भागिले त्रिज्या आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. या सूत्रात गाडीच्या वजनाला स्थान नाही, किमतीलाही नाही. वेग मात्र वर्गाने येतो. वेग दुप्पट झाला की वळणाची मागणी चौपट होते. पुढील सारा इतिहास या एका ‘वर्गा’भोवती फिरतो.

५/ झुकण्याची क्रिया प्रथम शास्त्रीय रीतीने मांडणाऱ्यांत ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम रँकिन यांचे नाव येते. १८६९ मध्ये, मोटारसायकल जन्माला येण्यापूर्वीच, त्यांनी पायडलच्या सायकलीवर लेखमाला लिहिली. त्यांनी दाखवलेली गोष्ट आजही अनेकांना खोटी वाटते. उजवीकडे वळायचे असेल तर पुढचे चाक आधी क्षणभर डावीकडे फिरवावे लागते. चाक डावीकडे जाते, गाडीचा तोल उजवीकडे ढळतो, आणि मग वळण सुरू होते.

६/ विमानाचे जनक राइट बंधू मूळचे सायकलींचे व्यावसायिक. त्यांतील विल्बर यांनी अनेक सायकलस्वारांना विचारले होते की, डावीकडे वळताना तुम्ही नेमके काय करता? संपूर्ण बरोबर उत्तर एकालाही देता आले नाही. हात ते काम रोज करत होते आणि मनाला त्याचा पत्ता नव्हता. आजही चालण्याच्या गतीपेक्षा जरा अधिक वेग असताना डावी मूठ हलकेच पुढे रेटली, तर गाडी डावीकडेच झुकते. घाटात घाबरलेला स्वार नेमके उलटे करतो आणि गाडी वळणाबाहेर जाते.

७/ आता बीडकडे येऊ. ‘बालाघाट’ या नावातच भूगोल आहे. फारसीत ‘बाला’ म्हणजे वरचा. दख्खनच्या मोगल कारभारात घाटावरचा मुलूख तो बालाघाट आणि घाटाखालचा तो पायीनघाट. बीड जिल्हाही असाच दुभंगलेला आहे. गेवराई, माजलगाव ही गोदावरीकडची सखल भूमी, तर पाटोदा, केज, अंबाजोगाई हा वरचा पठारी भाग. बिंदुसरेच्या काठचे बीड शहर या दोहोंच्या सांध्यावर वसले आहे.

८/ म्हणून बीडहून दक्षिणेस निघालेल्या प्रत्येकाला चढावेच लागते. पाली ओलांडली की मांजरसुंब्याचा घाट लागतो. वर एक वाट पाटोद्याकडे फुटते, दुसरी केज-अंबाजोगाईकडे. जवळच मन्मथस्वामींचे कपिलधार. यात्रेकरू, व्यापारी, फौजा, ऊसतोडणीला निघालेल्या बैलगाड्या यांपैकी कोणालाच या चढणीने सूट दिली नाही. धुळे-सोलापूर हा आजचा राष्ट्रीय महामार्ग ५२ याच चढणीने बालाघाटावर जातो.

९/ महाराष्ट्रातील जुने घाटरस्ते मुळात कोणासाठी आखले गेले? बैलांसाठी. १८३० मध्ये मुंबईचे गव्हर्नर जॉन माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला, तेव्हा कसोटी होती ती भरलेली बैलगाडी आणि तोफांचे गाडे वर चढण्याची. चढ सौम्य हवा, म्हणून रस्ता डोंगराच्या अंगावरून नागमोडी फिरवायचा. वळण कितीही आवळले तरी चालत होते, कारण ताशी ४ किलोमीटरने चालणाऱ्या बैलाला वळणाची त्रिज्या जाणवत नाही.

१०/ मोटार आली आणि हे गणित मोडले. १९२७ मध्ये रस्तेविकासाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. तिच्या शिफारशींतून पेट्रोलवरील करातून उभा राहणारा केंद्रीय रस्तेनिधी आला आणि १९३४ मध्ये ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ ही संस्था स्थापन झाली. १९४३ मध्ये मुख्य अभियंत्यांच्या परिषदेत प्रसिद्ध ‘नागपूर योजना’ ठरली. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हामार्ग ही आपल्या परिचयाची वर्गवारी तिचीच.

११/ याच संस्थेच्या घाटरस्त्यांच्या मानकात हेअरपिन वळणासाठी एक आकडा आहे: आतल्या वळणाची किमान त्रिज्या १४ मीटर आणि किमान संकल्पित वेग ताशी २० किलोमीटर. आता वरचे सूत्र लावून पाहा. ताशी २० ला दुचाकीला सुमारे १३ अंश झुकावे लागते. ३० ला सुमारे २७ अंश. ४० ला तब्बल ४२ अंश. साध्या प्रवासी गाडीचे खालचे भाग याच्या आसपास रस्त्याला टेकू लागतात. म्हणजे ‘फक्त चाळीस’ हा वेग अशा वळणावर ‘फक्त’ राहत नाही.

१२/ अभियंते वळणाची बाहेरची कड उंच का ठेवतात, तेही इथेच कळते. घाटात ही उंची दहास एक या प्रमाणापर्यंत देतात, म्हणजे सुमारे ६ अंश. गाडी जमिनीच्या पातळीशी जेवढी झुकायची तेवढीच झुकते, पण रस्ताच तिच्याकडे कलल्यामुळे तिच्या आणि डांबराच्या मधली जागा वाढते. उलट, पावसाने खचलेला किंवा डागडुजीत चुकीच्या बाजूस उतरलेला रस्ता हीच जागा गुपचूप हिरावून घेतो.

१३/ याचे टोकाचे उदाहरण आपण सर्वांनी जत्रेत पाहिले आहे: मौत का कुआँ. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेतील जत्रांत रुळलेला हा खेळ पुढे आपल्या यात्रांतही आला. स्वार जवळजवळ आडवा दिसतो, पण त्याचा फूटरेस्ट कधी घासत नाही. का? कारण तो जमिनीला आडवा असला तरी भिंतीशी जवळपास काटकोनात उभा असतो. घासणे ठरते ते गाडी आणि रस्त्याचा पृष्ठभाग यांच्यातील कोनाने. क्षितिजाशी होणाऱ्या कोनाशी त्याचा संबंध नाही.

१४/ मराठवाड्यात यंत्राची वाहतूक निजामी राजवटीत आली. निजाम राज्याच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ गाड्यांनिशी सरकारी बससेवा सुरू केली. देशातील राष्ट्रीयीकृत प्रवासी वाहतुकीचा तो आरंभ मानला जातो. परळीला आगगाडी होती, पण बीड शहराला रेल्वे लाभली ती थेट २०२५ मध्ये. मधल्या दशकांत या शहराचे दळणवळण रस्त्यावरच विसंबून होते. जिथे एसटी पोहोचत नव्हती तिथे पाय, बैलगाडी आणि मग फटफटी.

१५/ फटफटीच्या पहिल्या पिढीचे चेहरे ठरलेले होते. १९५५ पासून मद्रासची एन्फिल्ड बुलेट. १९६१ पासून म्हैसूरची जावा, जिच्यामागे मुंबईच्या रुस्तुम इराणी यांचा पुढाकार होता. १९६२ पासून एस्कॉर्ट्सची राजदूत, जिचे मूळ पोलंडच्या एका गाडीत होते. या गाड्या वळणावर झोपवण्यासाठी घडवलेल्याच नव्हत्या. त्यांनी ओझे वाहावे, खड्डे सोसावेत आणि गावच्या मिस्त्रीकडे दुरुस्त व्हावे, एवढीच अपेक्षा होती.

१६/ अशा गाडीला तिरके केले की काय घासते, याचा एक क्रम आहे. डाव्या बाजूला साइड स्टँड आणि मेन स्टँडची पायाने दाबायची जीभ. उजव्या बाजूला बहुतेक गाड्यांत सायलेन्सर. दोन्हीकडे फूटरेस्ट. स्टँडची स्प्रिंग सैल झाली, की तो इंच-दोन इंच खाली लोंबतो आणि गाडी पुरेशी झुकण्याआधीच डांबराला भिडतो. साइड स्टँड वर करायचा विसरलेला स्वार तर पहिल्याच डाव्या वळणावर फेकला जाऊ शकतो.

१७/ त्यावर आपले ओझे. मागे दोघे बसले की मागचे शॉकअब्सॉर्बर दबतात, गाडी खाली बसते आणि तिचा झुकण्याचा कोन कमी होतो. दुधाच्या किटल्या दोन्ही बाजूंना लटकावलेली राजदूत आठवा. तिथे स्टँड घासण्याची वेळच येत नाही, किटलीच आधी टेकते. गवळ्याला हे कोणत्याही सूत्राविना ठाऊक असे. तो वळणाआधीच वेग मोडत असे. भरल्या गाडीवर सावकाश वळणे, हे त्या पिढीचे अलिखित शास्त्र होते.

१८/ १९८५ हे वर्ष मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचे. औरंगाबादजवळ, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरजवळ, वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. १९८६ मध्ये या कंपनीने कावासाकी बजाज केबी १०० आणि एम-८० या गाड्या आणल्या. त्याच सुमारास हिरो होंडाची सीडी १०० आणि यामाहाची आरएक्स १०० बाजारात आल्या. गाडी हलकी झाली, वेग पटकन पकडू लागली. घाटातली वळणे मात्र होती तिथेच होती.

१९/ आता काही वर्षे मागे, युरोपकडे. १९०७ मध्ये मॅन बेटावर टीटी शर्यत सुरू झाली आणि १९११ पासून ती तेथील सुमारे ६० किलोमीटरच्या डोंगरी रस्त्यावर धावू लागली. १९५० मध्ये नॉर्टन कंपनीने ‘फेदरबेड’ ही भक्कम चौकट आणली आणि जेफ ड्यूकसारखे स्वार वळणावर अधिक वेग राखू लागले. त्या काळची आदर्श बैठक मात्र एकच होती: गुडघे टाकीला घट्ट चिकटलेले, शरीर गाडीच्या रेषेत. गाडी झुकेल तेवढाच स्वार झुकेल.

२०/ या शैलीची मर्यादा धातूने ठरवलेली होती. बीएमडब्ल्यूची १९२३ ची आर ३२ आणि तिच्या पुढच्या पिढ्या पाहा. त्यांच्या इंजिनाचे दोन सिलिंडर दोन बाजूंना आडवे बाहेर आलेले असतात. थंड हवा मिळण्यास उत्तम, पण खोल वळणावर सिलिंडरच रस्त्याकडे सरकतो. टायर सुधारले, इंजिने बलवान झाली आणि १९७० च्या सुमारास एक विचित्र स्थिती आली. टायरमध्ये पकड शिल्लक असे, पण फूटरेस्ट, सायलेन्सर आणि सिलिंडर आधीच घासू लागत.

२१/ या कोंडीतून मार्ग काढणाऱ्यांत फिनलंडचा यार्नो सारिनेन अग्रभागी होता. बर्फावरच्या शर्यतींत तयार झालेला हा अभियंता-स्वार वळणावर शरीर गाडीच्या आतल्या बाजूस काढी आणि गुडघा बाहेर फाकवी. १९७२ मध्ये तो २५० सीसी गटाचा जगज्जेता झाला आणि १९७३ मध्ये मोन्झा येथील अपघातात गेला. ती शैली अमेरिकेच्या केनी रॉबर्ट्सने पुढे नेली. १९७८ मध्ये तो ५०० सीसी गटाचा पहिला अमेरिकी विश्वविजेता ठरला आणि रस्त्याला टेकलेला गुडघा जगभर पोहोचला.

२२/ या थ्रेडमधील सर्वांत महत्त्वाची गोष्ट इथे आहे. गुडघा बाहेर काढण्याचा हेतू गाडी अधिक झुकवण्याचा नव्हता. ती कमी झुकवण्याचा होता. स्वाराचे वजन आत सरकले की दोघांचा मिळून गुरुत्वमध्य आत सरकतो. मग त्याच वेगाला, त्याच वळणावर गाडी काही अंश अधिक उभी राहते. स्टँड, सायलेन्सर, फूटरेस्ट रस्त्यापासून दूर राहतात. जमिनीला लागलेला गुडघा हे कोन ओळखण्याचे माप होते.

२३/ आपल्याकडे चित्र आले, कारण आले नाही. २००१ मध्ये बजाजची पल्सर आली, २०१२ मध्ये चाकणला बनलेली केटीएमची ड्यूक २०० आली, आणि मोबाइलच्या पडद्यावर शर्यतीची दृश्ये घरोघर आली. स्पर्धेतील स्वार आज ६० अंशांहूनही अधिक झुकतात. पण त्यांचा रस्ता धुतल्यासारखा स्वच्छ असतो, टायर तापवलेले असतात, समोरून उसाची ट्रॉली येत नाही. घाटात अनेक तरुण शरीर सरळ ठेवून गाडी मात्र खाली दाबतात. म्हणजे अर्धशतकापूर्वी शर्यतीच्या स्वारांनी सोडलेली पद्धत ते अधिक वेगाने वापरतात.

२४/ घासणाऱ्या भागांतही भेद आहे. बिजागरीवरचा फूटरेस्ट लागला तर वर दुमडतो. काही गाड्यांत त्याच्या खाली छोटा धातूचा खुंटही असतो. तो आधी खरखरतो आणि सांगतो की सीमा आली. स्टँडची कडी, चौकट किंवा सायलेन्सर मात्र दुमडत नाहीत. ते टेकले की गाडीचे वजन टायरवरून त्यांच्यावर जाते, चाक उचलले जाते आणि पकड सुटते. शोभेसाठी तो खुंट काढून टाकणारे स्वार आपलाच पहारेकरी घरी पाठवत असतात.

२५/ खरखर ऐकू आली तर? पहिली ऊर्मी असते रेस एकदम सोडण्याची आणि ब्रेक आवळण्याची. दोन्ही घातक. त्यामुळे भार पुढच्या चाकावर जातो, पुढचा शॉकअब्सॉर्बर दबतो आणि गाडी आणखी खाली बसते. उपाय तीन: रेस स्थिर ठेवणे, खांदे आणि डोके वळणाच्या आत नेऊन गाडी किंचित उभी करणे, आणि नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवणे. खरे काम मात्र वळणाआधीचे आहे. वेग सरळ रस्त्यावरच कमी करायचा आणि हलक्या, सलग रेसवर वळण पार करायचे.

२६/ मांजरसुंब्यासारख्या घाटात डावे आणि उजवे वळण सारखे नसते. आपण डावीकडून चालतो, म्हणून डावे वळण आवळते आणि कडेला खडी, माती, गटार असते. लोंबता स्टँडही त्याच बाजूला. उजवे वळण मोकळे भासते, पण दुपदरी रस्त्यावर मध्यरेषेजवळ गाडी झुकवली की चाके आपल्या बाजूला असतानाही स्वाराचे डोके समोरच्याच्या वाटेत शिरते. रस्ता रुंद झाला म्हणून हे गणित संपत नाही. रुंद रस्ता वेगही वाढवतो.

२७/ २०२२ मध्ये भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मरण पावली, आणि त्यांत सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. २०१८-१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचे झाले. त्याने चाक जाम होणे टळते. पण रस्त्याला टेकलेला स्टँड एबीएसला ओळखता येत नाही. तिथे अजूनही १८६९ चे रँकिन आणि १४ मीटरची त्रिज्या यांचेच राज्य आहे.

२८/ इतिहासाचे अभ्यासक शिलालेख वाचतात, नाण्यांची झीज वाचतात. तसाच एक दस्तऐवज आपल्या अंगणात उभा असतो. गाडी मेन स्टँडवर घ्या आणि खाली वाकून पाहा. साइड स्टँडचे टोक चकाकते आहे का? जिभेची कड तिरकी झिजली आहे का? सायलेन्सरच्या पोटावर ओरखडे आहेत का? कोणत्या बाजूला अधिक? मागे कोणी बसले असता की एकटे असता? स्प्रिंग सैल असेल तर आजच बदलून घ्या. ओरखडा स्टँडवर असेल, तर तो घाटातल्या कोणत्या वळणावर पडला, ते तुम्हालाच आठवेल. (समाप्त)